बाहेरच्या टेबल-खुर्च्यांची कव्हरं घरी शिवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उशीची खोळ नीट शिवता येत असेल तर टेबल-खुर्चीचं कव्हरही जमेल. त्यातली टीप बहुतेक सरळच असते. लोक अडतात ते कापड निवडताना, दोरा घेताना आणि माप काढताना, म्हणून पुढची लांब उत्तरं त्याच प्रश्नांची आहेत.

जुनं कव्हर फाटलंय. तेच उसवून त्यावरून नवं बेतलं तर चालेल ना?

आकार समजून घ्यायला चालेल, मापाला नको. उन्हापावसात राहिलेलं कापड कुठे ताणलं जातं, कुठे आटतं. माप टेबल-खुर्चीचंच घ्या.

उसवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने ‘समोर’, ‘वर’, ‘डावी बाजू’ असं लिहून ठेवा. दोन्ही बाजू सारख्या असतील तर अर्धंच उसवा. उरलेलं अर्धं पुढे ‘इथे कसं शिवलं होतं?’ हे बघायला कामी येतं.

आणि ते कुठे फाटलंय ते नीट बघा. शिवण उकललीय पण कापड धड आहे, तर दोरा गेला. कोपऱ्यात झिजलंय, तर खालचा कोपरा टोकदार आहे. नव्या कव्हरला तिथे आतून कापडाचा जोडतुकडा द्या. मधलंच कापड हाताने टरकतंय, तर उन्हाने खाल्लं. आणि वरचा भाग पिशवीसारखा लोंबला असेल, तर तिथे पाणी साचत होतं. जुनं कव्हर ज्याने गेलं, त्याचाच बंदोबस्त नव्यात आधी करायचा.

कापड कोणतं घ्यावं?

चार प्रकार सहज मिळतात.

सोल्यूशन डाइड ॲक्रिलिक हे यातलं उन्हाला सगळ्यात टिकाऊ. यात धागा तयार होण्याआधी, मूळ द्रावणातच रंग मिसळलेला असतो. रंगीत खडू कुठेही मोडला तरी आत तोच रंग दिसतो, तसं. वरून रंगवलेल्या कापडाचा रंग मात्र भिंतीच्या सफेदीसारखा वरवरचा असतो. ॲक्रिलिकमधून हवा खेळते, बुरशी धाग्याला सहसा धरत नाही. महाग असतं, आणि कडेला घासून लवकर झिजतं.

आतून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर दिलेलं पॉलिएस्टर हलकं, शिवायला सोपं आणि खिशाला परवडणारं. पहिल्यांदा शिवणाऱ्याने हेच घ्यावं असं माझं मत. त्यावर ‘600 डी’ असं लिहिलेलं असतं, ते डेनिअर. 9000 मीटर धाग्याचं वजन 600 ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. धागा किती जाड हे त्यातून कळतं, आतला थर किती चांगला हे कळत नाही. त्यासाठी कापडाचा तुकडा मुठीत चुरगाळा आणि उलटी बाजू उजेडात धरून बघा. थराला भेगा दिसल्या तर ते कापड सोडून द्या.

पीव्हीसीचं, म्हणजे रेक्झिनच्या जातीचं कापड पाणी अजिबात आत येऊ देत नाही, पण आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. वजनदार असतं आणि थंडीत कडक होतं. हे वापरायचं तर हवेची खिडकी, म्हणजे झाकण असलेलं जाळीचं भोक, ठेवायलाच हवी.

सुती कॅनव्हास दिसायला सुंदर. भिजलं की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली छिद्रं बरीच बुजतात, ही त्याची गंमत. पण ते आटतं, आणि ओलं राहिलं की काळे ठिपके धरतं. घ्यायचंच असेल तर बेतण्याआधी एकदा भिजवून वाळवा.

‘वॉटरप्रूफ’ आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ यात फरक काय?

पहिल्यातून पाणी जात नाही. दुसऱ्यावरून ते ओघळून जातं, पण साचून राहिलं किंवा दाब आला तर झिरपतं. कव्हराला उतार असेल आणि ते ताणलेलं असेल तर दुसरं पुरतं.

घरात असलेला साधा दोरा वापरला तर?

पहिलं कव्हर मी शिवलं तेव्हा डब्यात होता तो सुती दोरा वापरला. रंग हुबेहूब जुळत होता ना! दुसऱ्या वर्षी कव्हर उचललं तर वरचा भाग माझ्या हातात आणि चारही बाजू जमिनीवर. कापडाला काहीही झालेलं नव्हतं. टिपेतला दोरा नखाने ओढला तर भुसा झाला.

दोरा पॉलिएस्टरचाच घ्या, आणि ‘यूव्ही’ला (उन्हातल्या अतिनील किरणांना) टिकणारा, बाँडेड (पदर एकमेकांना चिकटवलेला) असं लिहिलेला. सुती दोरा ओलीने कुजतो. नायलॉन मजबूत असतो, पण उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमजोर होतो. जाडी टेक्समध्ये सांगतात: 1000 मीटरचं वजन 70 ग्रॅम म्हणजे टेक्स 70. घरात रोज वापरतो तो दोरा साधारण टेक्स 30 च्या आसपास असतो. म्हणजे दुपटीहून जाड दोरा लागतो. कव्हरासाठी टेक्स 70 पुरे, त्याहून जाड घरच्या मशीनला सहसा झेपत नाही. वर आणि बॉबिनमध्ये एकच दोरा भरा. बॉबिनमधला दोराही उन्हापावसातच राहणार असतो.

घरचं मशीन एवढं जाड कापड ओढेल का?

दोन-तीन पदर आरामात, चार पदर सांभाळून. सुई 16 नंबरची, म्हणजे पाकिटावर 100/16 असते ती लावा. त्यातले 100 म्हणजे सुईची जाडी 1 मिलिमीटर. जाड पदरांना 18 नंबर, म्हणजे 110. सुई नवी असू द्या. बोथट सुई थर दिलेल्या कापडाला टोचण्याऐवजी ठोकत बसते, आणि तुम्हाला वाटतं मशीन बिघडलं.

टाका साडेतीन ते चार मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाके मजबूत असतात ही शर्टाची अक्कल इथे चालत नाही. पीव्हीसीत जवळजवळ टाके मारले की शिवण तिकिटाच्या कडेसारखी भोकाभोकांची होते आणि तिथूनच फाटते.

जाड जोडावर आलात की पायडल सोडा आणि हाताने चाक फिरवून दोन-चार टाके घ्या. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, पुढून वर उचललं गेलं की मागे तिरकं होतं आणि टाके चुकतात. अशा वेळी पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून फुटाच्या मागच्या बाजूखाली सरकवा, म्हणजे फूट सपाट राहील. कापड फुटाला चिकटून पुढे सरकत नसेल तर टेफ्लॉनचं फूट मिळतं. ते नसेल तर कापडावर पातळ कागदाची पट्टी ठेवून तिच्यावरूनच शिवा आणि नंतर फाडून काढा.

मूळ कापडाला हात लावण्याआधी उरल्यासुरल्या तुकड्याचे चार पदर करून टीप मारून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी दिसली तर वरचा ताण वाढवा.

टाचण्या लावू का?

नको. थर दिलेल्या कापडात पडलेलं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे वापरा, किंवा शिवणाच्या मायेत, म्हणजे टिपेबाहेर उरणाऱ्या कडेच्या कापडात, दुहेरी चिकटपट्टी. टाचण्या लावायच्याच तर त्या मायेच्या आतच राहू द्या. खुणा खडूने करा. बॉलपेनने तर पीव्हीसीवर मुळीच नको. आतल्या बाजूला मारलेली रेघही काही महिन्यांनी बाहेर फुटते.

टेबलाचं माप कसं काढायचं आणि कापड किती लागेल?

एक टेबल धरून करू. लांबी 120 सेंटिमीटर, रुंदी 75, उंची 70.

कव्हर सहज निघावं म्हणून लांबी-रुंदीत प्रत्येकी 3 सेंटिमीटर सैल ठेवा: 123 आणि 78. त्याहून जास्त सैल ठेवलं तर वाऱ्यात फडफडतं, आणि फडफडणारं कव्हर टेबलाच्या कडांवर घासून स्वतःच झिजतं. खाली जमिनीपासून 8 सेंटिमीटर मोकळं ठेवा, म्हणजे झालर (चारही बाजूंनी खाली येणारा भाग) 62 सेंटिमीटर दिसेल.

आता माया. सगळीकडे दीड सेंटिमीटर, खालच्या दुमडीला 3.

वरचा तुकडा: 126 × 81.
झालर: 62 + 3 + दीड = साडेसहासष्ट उंच. घेर 123 + 78 + 123 + 78 = 402. तो दोन पट्ट्यांत करायचा. प्रत्येक पट्टी 201 ची आणि दोन्ही टोकांची माया धरून 204.

कापडाचा पन्ना 150 सेंटिमीटर असेल तर दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी बसतात, 66.5 दुणे 133. त्याला लांबी लागली 204. पुढे वरचा तुकडा आडवा ठेवला की 81. एकूण 285 सेंटिमीटर, म्हणजे 3 मीटर कापड पुरतं. पन्ना 137 असला तरी बसतं, फक्त कातर सरळ चालवा. 150 च्या पन्न्यात कडेला 17 सेंटिमीटरची लांब पट्टी उरते. ती टाकू नका, हवेच्या खिडकीला लागेल.

बरेच जण एकाच अखंड चौकोनाचे कोपरे कापून कव्हर करायला जातात. शिवण कमी पडते हे खरं, पण याच टेबलाला मग 253 × 208 चा अखंड तुकडा लागेल. एवढा पन्ना शोधत बसण्यापेक्षा झालर जोडलेली बरी. छोट्या स्टुलाला ती युक्ती छान बसते.

झालर वरच्या तुकड्याला लावताना कोपऱ्यात चुण्या पडतात. काय करू?

कोपऱ्याच्या दीड सेंटिमीटर आधी थांबा, सुई कापडात खाली ठेवा. झालरीच्या मायेत कातरीने एक सरळ छेद द्या, टिपेच्या रेघेला 2 मिलिमीटर बाकी असताना थांबा. छेद उघडतो, झालर काटकोनात वळते. फूट उचला, कापड फिरवा, फूट टाका, पुढे चला. वरच्या चपट्या तुकड्याला छेद द्यायचा नाही, झालरीलाच द्यायचा. पहिल्यांदा हमखास उलटं होतं. वरच्या मापात दोन्ही पट्ट्यांचे जोड समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत येतात. त्या दोन ठिकाणी छेदाची गरज नाही. जोडाची टीप वरच्या टोकाला दीड सेंटिमीटर अलीकडेच संपवा, तेवढं पुरतं.

खुर्चीचं बेतणं मला समजतच नाही.

खुर्चीकडे बाजूने बघा. जी आकृती दिसते तिचे दोन सारखे तुकडे, डावा आणि उजवा. या दोघांमधून एक लांब पट्टी जाते: समोर खालून वर, हातांवरून, पाठीवरून आणि मागून खाली. बस, तीनच तुकडे.

बाजूची आकृती वर्तमानपत्राचे कागद चिकटवून खुर्चीलाच लावून काढा. पाठ मागे कललेली असते, नुसत्या टेपने ती सापडत नाही. पट्टीची रुंदी म्हणजे खुर्ची जिथे सगळ्यात रुंद तिथलं माप, अधिक 3 सेंटिमीटर सैल, अधिक माया. पट्टीची लांबी कागदावरच मोजा, पण कापायच्या रेघेवरून नव्हे, टीप जिथे पडणार त्या रेघेवरून. या चुकीपायी माझी एक पट्टी दर वेळी मागच्या खालच्या टोकाला आखूड पडायची आणि मी कापडाला दोष देत होते.

एक आग्रहाचं सांगणं. हात जिथे पाठीला मिळतात तिथला खड्डा कव्हरात उतरवू नका. हाताच्या पुढच्या टोकापासून पाठीच्या माथ्यापर्यंत सरळ तिरकी रेघ मारा. दिसायला थोडं तंबूसारखं दिसेल. पण खड्डा ठेवला तर तो शिवायलाही किचकट, आणि पावसाळाभर त्यात पाणी.

शिवण कोणती घालावी?

जीन्सच्या पायाला आतून असते तशी, दुहेरी टिपेची. सुलट बाजू आत ठेवून पहिली टीप मारा. मग एका बाजूची माया निम्मी कापा, दुसरी तिच्यावर दुमडून सपाट बसवा आणि वरून दाबटीप द्या. कापलेली कड आत बंद होते आणि ओढ दोन टिपांत वाटली जाते. आडव्या शिवणीत आतली माया नेहमी वर, माथ्याच्या तुकड्याकडे वळवा. कौलं रचतात तसं, बाहेरून वरचं खालच्यावर यायला हवं, म्हणजे ओघळ शिवणीत शिरत नाही.

कोपऱ्यात एवढे पदर मशीनला झेपले नाहीत तर साधी टीप आणि वरून एक दाबटीप, तेवढ्यावर भागतं.

कृत्रिम कापडाच्या कडा सुटतात. मेणबत्तीवर धरल्या तर?

पॉलिएस्टरच्या कडा गरम हत्याराने वितळवून बंद करता येतात, हवेशीर जागी. मेणबत्तीने काजळी आणि गाठी होतात. पीव्हीसी कधीच जाळू नका, त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे. तसंही पीव्हीसीच्या कडा सुटत नाहीत.

सगळं नीट शिवलं, तरी शिवणीतून थेंब गळतात.

सुईने पाडलेली भोकं ती. आतल्या बाजूने शिवणीवर सीम सीलर, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव, ब्रशने लावा आणि पूर्ण वाळू द्या. सगळ्या शिवणींना लावत बसू नका. वरच्या तुकड्याभोवतीची शिवण महत्त्वाची, उभ्या शिवणींवरून पाणी तसंही निघून जातं.

टेबलाच्या कव्हरावर तळं साचतं.

वरच्या हिशोबातल्या टेबलाचा माथा साधारण 0.96 चौरस मीटर भरतो. त्यावर 1 सेंटिमीटर पाणी साचलं तर साडेनऊ लिटर होतं, म्हणजे साडेनऊ किलो वजन. कापड तेवढं लोंबतं, लोंबलं की आणखी पाणी थांबतं, आणि शेवटी शिवण उकलते.

कापड बदलून हे सुटत नाही, उतार द्यावा लागतो. कव्हराखाली टेबलाच्या मधोमध उपडी बादली किंवा हवा भरलेला मोठा चेंडू ठेवा. हे आधीच ठरवलंत तर वरच्या तुकड्यात तेवढं कापड जास्त धरा, नाहीतर झालर वर ओढली जाते. छत्रीच्या दांड्याचं भोक मधे असेल तर त्यात एक उभी काठी बसवून टोकाला जुना टेनिसचा चेंडू खोचा. कापडाला काठी टोचत नाही.

हवेची खिडकी खरंच लागते का? मग आत पाऊस नाही का येणार?

मला विचाराल तर कव्हरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि सगळ्यात जास्त लोक वगळतात तीही हीच. पाऊस अडवणं सोपं आहे. जमिनीतून वर येणारी ओल, लाकडातली ओल आणि रात्री थंड कापडाच्या आतल्या बाजूला जमणारं दव बाहेर काढणं अवघड. बंद कव्हराखाली लाकूड काळं पडतं, लोखंड गंजतं, गाद्यांना कुबट वास येतो, आणि आपण म्हणतो कव्हर गळतं.

दोन समोरासमोरच्या बाजूंना, झालरीच्या वरच्या भागात, 15 × 8 सेंटिमीटरची भोकं पाडा. आतून मच्छरदाणीची जाळी शिवा. बाहेरून त्याच कापडाचं झाकण वरच्या आणि दोन्ही बाजूंनी शिवा, खालून मोकळं सोडा. झाकण रुंदीला 4-5 सेंटिमीटर जास्त घेतलं की ते फुगून राहतं, हवा खालून जाते-येते, पाऊस वरून घसरतो. ती उरलेली 17 सेंटिमीटरची पट्टी इथे वापरा.

आणि ओल्या फर्निचरवर कव्हर घालू नका, कितीही खिडक्या असल्या तरी.

वाऱ्याने कव्हर उडतं. खाली इलॅस्टिक घालू का?

इलॅस्टिक वर्षा-दोन वर्षांत उन्हाने ढिलं पडतं. त्यापेक्षा खालच्या दुमडीचा नेफा करा आणि त्यात नाडी ओवा. त्याशिवाय चारही पायांजवळ पट्टे, क्लिपच्या बक्कलचे, पायाभोवती गुंडाळून लावायला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे नुसती नाडी झुळकेपुरतीच. पट्टा ज्या जागी शिवाल तिथे आतून कापडाचा एक जास्तीचा पदर द्या आणि चौकोन करून मधे फुलीची टीप मारा. दगड-विटा ठेवू नका, त्या घसरल्या की कापड कापतात.

बाहेरच्या गाद्यांच्या खोळीही अशाच शिवायच्या?

तिथे एक गोष्ट उलटी. कव्हर सैल, खोळ घट्ट. फोमच्या मापापेक्षा 1 सेंटिमीटर लहान शिवली की झोळ पडत नाही. चेन प्लॅस्टिकची, मागच्या बाजूला. धातूची गंजून अडकते. खालच्या बाजूला जाळीचं कापड लावलं तर आत गेलेलं पाणी निथळून जातं.

मशीन नाही. हाताने शिवता येईल?

खुर्चीचं येईल. उलटी टीप घाला, दोरा मेणावरून ओढून घ्या, आणि बोटाला अंगुस्तान हवंच. मोठ्या टेबलाचं हाताने करू नका, दोन दिवसांत बोटं नको म्हणतील.

धुवायचं कसं?

मशीनमध्ये नको, इस्त्री तर नकोच, ॲक्रिलिक आकसतं. वाळल्यावर धूळ ब्रशने झटका. मग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने घासा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी ओता. साबण राहिला तर पुढच्या पावसात थेंब घरंगळत नाहीत, कापड ओलं धरतं. साबण पूर्ण काढूनही तसं दिसू लागलं की पाणी झटकणारा स्प्रे मारायची वेळ झाली. घडी करून ठेवताना पूर्ण कोरडं हवं. ओल्या घडीत पीयूचा थर चिकट होतो आणि सालपटं निघतात.

छोटंसं भोक पडलंय. आत्ताच काही करायला हवं का?

हो, आजच. त्याच कापडाचा तुकडा कापा, कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. आतून लावा, कडेने एक टीप, वर सीलर. म्हणून शिवताना उरलेले तुकडे आणि दोऱ्याची रीळ एका पिशवीत घालून ठेवा, दोन वर्षांनी तीच छटा पुन्हा मिळेलच असं नाही. माझी पिशवी त्या सुती दोऱ्याच्या डब्यातच आहे.